थायलंडच्या गावी इंग्रजी शिकवायला जातो आहे : शाळा सुटल्यानंतरच्या दिवसाचे काय?

इंदिरानगरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी नाशिकचा. इंग्रजी विषयात एम. ए. आणि नंतर बी. एड. करून आजवर कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत आलो. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, मानधन कधी दिवाळीनंतर तर कधी मार्चअखेरीस, आणि उन्हाळ्याचे दोन महिने कोरडे, हा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांना मी बाहेर का पडतो आहे हे वेगळे सांगायला नको. येत्या मे महिन्यात, म्हणजे तिथले शैक्षणिक वर्ष सुरू होताना, ईशान्य थायलंडमधील एका लहान गावी सरकारी माध्यमिक शाळेत मला रुजू व्हायचे आहे. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत आपल्यासारख्यांना लागणाऱ्या ६०० गुणांपेक्षा बरेच अधिक गुण आहेत, पोलिसांचा दाखला हाती आला आहे, पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनासाठी मुंबईच्या खेपा चालू आहेत. त्यामुळे व्हिसा आणि कागदपत्रे यांविषयी मला विचारायचे नाही.

माझा प्रश्न साध्या दिवसाचा आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गाची मला धास्ती नाही, तो आपण इथे रोज सांभाळतोच. पण चारच्या सुमारास शाळा सुटली, गावात ओळखीचे कोणी नाही, दुकानाची पाटी वाचता येत नाही आणि नाशिकला घरी फोन करावा तर पत्नी अजून कचेरीत आहे, अशा संध्याकाळी माणूस नेमके काय करतो? मी अंडे खातो, मांस-मासे खात नाही. पत्नी आणि चौथीतली मुलगी निदान पहिले वर्ष इथेच राहतील. सल्लागार मंडळी समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे दाखवतात, माझ्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. शेजाऱ्यांचे तर विचारूच नका. थायलंड हा शब्द कानावर पडताच सोसायटीतील पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, त्याला तोंड देऊन मी थकलो आहे. तिथे प्रत्यक्ष राहिलेल्यांनी, किंवा अन्य देशांत शिकवलेल्यांनीही, कृपया अनुभव सांगावेत.

गोदाकाठची

मी मूळची पंचवटीतली, काही वर्षांपासून ईशान्य थायलंडच्या त्याच भागात माध्यमिक शाळेत शिकवते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे असे मला वाटते, कारण तुम्ही शाळा आणि शाळेनंतरचा दिवस हे दोन वेगळे खण मानले आहेत. लहान गावात ते वेगळे नसतात. परक्या शिक्षकाचे घर, बँक, दवाखाना, भाजी, संध्याकाळ, या सगळ्याचा रस्ता शिक्षकखोलीतून जातो, आणि जो माणूस तास संपला की कानाला यंत्र लावून आपल्या खोलीवर निघून जातो त्याला वर्षभरानंतरही गाव परकेच राहते. शिकवण्याची घडी लवकर बसते. शिक्षकखोलीत बसण्याची घडी मुद्दाम बसवावी लागते.

सकाळी आठला ध्वज चढतो आणि राष्ट्रगीत होते. त्याआधी अर्धा तास फाटकापाशी पोहोचा, कारण तिथे दोन-तीन शिक्षक मुलांचे नमस्कार स्वीकारत उभे असतात आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहिलात एवढ्यानेच तुम्ही शाळेचे होता. हात जोडण्यात क्रम असतो: वयाने किंवा पदाने लहान असलेल्याने आधी जोडायचे, म्हणून विद्यार्थ्याला आपण होऊन नमस्कार करू नये, मान लववली तरी पुरते. मुख्याध्यापकांना मात्र न चुकता करावा. सोमवारी थाई शिक्षक सरकारी खाकी गणवेशात येतात, एक दिवस सगळी शाळा स्काउटच्या पोशाखात असते. तुमच्याकडून गणवेशाची अपेक्षा नसते, पण इस्त्रीचा शर्ट आणि बंद बूट यांची असते. हजेरीपटावरील थाई नावे लांबलचक असतात, परंतु प्रत्येक मुलाला घरचे एक छोटे नाव असते आणि शाळेतही तेच चालते. तुमच्या वर्गात एखादा बँक, एखादा गोल्फ आणि एखादी आइस नक्की असेल. ती नावे आधी पाठ करा.

शाळा तुमच्यासाठी एक थाई शिक्षिका नेमून देईल. कागदोपत्री तिचे काम संपर्काचे असते, प्रत्यक्षात ती तुमच्यासोबत बँकेत जाते, इमिग्रेशनच्या कार्यालयात बसते, घरमालकिणीशी बोलते आणि नळ गळला तरी तिलाच फोन जातो. हे सगळे ती आपले तास आणि आपले घर सांभाळून करते, त्याचा वेगळा मोबदला बहुधा तिला मिळत नाही. आपल्याकडील बरेच लोक तिला मदतनीस समजतात आणि मग तिचे उत्तर उशिरा येऊ लागले की थाई लोक तोंडदेखले हसतात असा निष्कर्ष काढतात. प्रश्न साठवून आठवड्यातून एकदाच विचारा आणि तिचे इंग्रजी पत्र किंवा प्रश्नपत्रिका तपासायची असेल तर आपण होऊन हात पुढे करा.

राहण्याविषयी थोडक्यात. एका खोलीचे भाड्याचे घर सहज मिळते, स्वयंपाकघर बहुधा नसते. भाडे कमी दिसले तरी विजेचा दर घरमालक स्वतः लावतात आणि तो सरकारी दराहून बराच जास्त असू शकतो, म्हणून भाड्याआधी युनिटचा दर विचारावा. पिण्याचे पाणी रस्त्याकडेच्या यंत्रातून लिटरला साधारण एक बात (थाई चलन) या दराने भरून आणायचे. कालगणना बुद्धाब्दाची आहे, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. २०२६ साल तिथे २५६९ असते आणि औषधाच्या पाकिटावर नुसतेच ६९ छापलेले दिसू शकते. बोलण्यातले घड्याळही निराळे आहे. संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते, म्हणून घरमालकीण ‘दोन थुम’ला येते म्हणाली तर ती रात्री आठला येणार.

आता जेवण. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर असलेली गाडी किंवा दुकान दिसले तर तिथले सगळे अन्न ‘जे’ असते, म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. अशी दुकाने लहान गावात मोजकीच असतात आणि दुपारीच बंद होतात. एरवी खरी अडचण मांसाची नसून माशाच्या पाण्याची आहे, कारण मिठाच्या जागी तेच पडते. ‘माइ साइ नाम प्ला’ एवढे वाक्य पाठ करा, पण ते म्हणून झाल्यावर तिथून हलू नका. कच्च्या पपईचे सोमतम करणारी बाई उखळीत लसूण आणि मिरची टाकते, मग गूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, आणि बोलता बोलता तिचा हात सवयीने बाटलीकडे जातोच. त्या क्षणी समोर उभे राहून मिठाच्या डब्याकडे बोट दाखवावे लागते. या भागात आंबवलेल्या माशाचा रसही घालतात, त्याचा वास उखळीला राहतो, तेवढे सोसावे लागेल. साधे आम्लेट-भात हवा असला तरी हीच सूचना द्यावी लागते, अंड्यातही तेच पाणी फेटलेले असते.

याउलट पहाटेच्या बाजारात आपल्याला ओळखू येणाऱ्या भाज्या भरपूर मिळतात: दोडका, दुधी, शेवग्याच्या शेंगा, कोथिंबीर, ओला नारळ. तोंडलीच्या वेलाचा पाला तिथे सर्रास खातात, आपण तो टाकून देतो. सालीशिवायची मूगडाळ किराणा दुकानात मिळते, तूरडाळ मिळत नाही. चिकट भात वेताच्या लहान टोपलीतून येतो आणि हाताने गोळा करून खातात, त्यामुळे हाताने जेवणाऱ्याकडे या भागात कोणी वळून पाहत नाही.

आणि तुमची संध्याकाळ. पाचनंतर गावच्या तळ्याकाठी किंवा बागेत लाउडस्पीकर लावून सामुदायिक व्यायाम चालतो, पैसे लागत नाहीत, निम्म्या बायका तुमच्या विद्यार्थ्यांच्या आयाच असतात. बरोबर सहाला राष्ट्रगीत वाजते आणि धावणारा, सायकलवाला, भाजी तोलणारी, सगळे जागच्या जागी उभे राहतात. ते संपले की पुन्हा तीच गाणी आणि तेच हातवारे. लाज सोडून मागच्या रांगेत उभे राहा. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा होईलच, पण आईने पाहिलेल्या शिक्षकाशी मूल लवकर बोलू लागते.

सातपूरचा

माहिती उत्तम आहे, तथापि एका गोष्टीकडे सगळेच सोयीस्करपणे पाहत नाहीत असे दिसते. माझ्या चुलत बहिणीने याच कामासाठी अनेक ठिकाणी अर्ज केले होते. जाहिरातीतच ‘मातृभाषा इंग्रजी असलेलेच’ असे लिहिलेले असते, आणि जिथे आपल्याला घेतात तिथे त्याच कामाचे, त्याच शाळेत, गोऱ्या माणसापेक्षा कमी पैसे देतात. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने हे का सोसावे? नाशिकमध्ये तासिकेवर अपमान होतो म्हणून तिथे जाऊन पारपत्रावरून अपमान करून घ्यायचा, यात शहाणपण कोणते?

गोदाकाठची

तुमचे म्हणणे खरे आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीयांसाठी २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारातून शाळांतील सहायक शिक्षकापुरती एक खिडकी उघडी आहे. जपानमध्ये शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून नोकरी करायची तर बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे दाखवावे लागते, म्हणजे मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झालेलेही बाद. थायलंडमध्ये दार उघडे आहे, पण तफावत आहे. माझ्या शाळेत फिलिपिन्सचे सहकारी आहेत, त्यांनी हे आमच्याही आधीपासून सोसले आहे, आणि पगाराविषयी सर्वांत मोकळेपणाने तेच बोलतात. रुजू होण्यापूर्वी अशा एखाद्या सहकाऱ्याशी बोलून घ्यावे.

मात्र वर्गातल्या कामात आपण कमी पडतो हे मला मान्य नाही. थाई मुलांना शब्दाच्या शेवटचे व्यंजन सोडता येत नाही, त्यांच्या भाषेत ते तोंडातच मिटते, म्हणून ‘हाउस’चे ‘हाउ’ होते, ‘स्कूल’चे ‘सकून’ होते. मातृभाषक शिक्षक तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतात. आपण ही भाषा स्वतः शिकून आलो आहोत, त्यामुळे जीभ कुठे अडते ते आपल्याला सांगता येते. मी मुलांना तोंडासमोर कागदाचा पातळ तुकडा धरायला लावते. ‘कप’ म्हणताना शेवटी तो हलला पाहिजे. पन्नास कागद फडफडतात, शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण ‘प’ ऐकू येतो.

त्यांची भाषा शिकतानाही मराठी माणसाला फायदा होतो. ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक त्या भाषेत अर्थ बदलतो, आणि तो आपल्या कानाला उपजत आहे. लिपीही भारतीय कुळातली असल्याने व्यंजने साधारण आपल्याच क्रमाने येतात आणि स्वर व्यंजनाच्या पुढे, मागे, वर, खाली बसतात. पाच सूर मात्र आपल्यालाही तितकेच छळतात.

उच्चार बदलून अमेरिकन होण्याचा प्रयत्न कृपया करू नका. तो चार दिवस टिकतो आणि मुलांना सर्वांत आधी कळतो.

निवृत्त_नाशिकरोड

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. वय झाले आहे, टंकलेखन नातू करतो आहे.

सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियातील माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक फार मोठ्या संख्येने होते, त्यांत मीही होतो. माध्यमिक स्तरावर शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असल्याने इंग्रजीचाच नव्हे तर गणिताचा आणि विज्ञानाचा शिक्षकही बाहेरून आणावा लागे. १९७४ मध्ये सम्राटांना पदच्युत केले गेले, तोवर मी परतलो होतो.

बाईंनी घड्याळाचे लिहिले ते वाचून हसू आले, कारण तिथेही तोच प्रकार होता आणि अजूनही आहे. दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. वर्ष तेरा महिन्यांचे. तीस दिवसांचे बारा आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. नवे वर्ष आपल्या सप्टेंबरच्या ११ तारखेला. आम्ही मनगटावर आपले घड्याळ ठेवत असू आणि शिपायाशी बोलताना सहा तासांची वजाबाकी करत असू, काही दिवसांनी ती वजाबाकी होते आहे हेही जाणवत नसे.

शाकाहारी माणसाला तो देश फार सोपा गेला. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधीचे आठ आठवडे, प्राणिजन्य काहीही खात नाहीत, दूधसुद्धा नाही. त्यामुळे कुठल्याही खाणावळीत उपवासाचे ताट मिळे, आणि त्यात शिरो नावाचा हरभऱ्याच्या पिठाचा जो पदार्थ असे तो थेट आपल्या पिठल्यासारखा होता. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा, म्हणजे धिरड्यासारखी पोळी, त्याखाली पसरलेली. आंबटपणाची सवय व्हावी लागते. माझ्या पत्नीला ती कधीच झाली नाही, तिने पोळ्याच केल्या.

मला सांगायचे आहे ते निराळेच. आमच्या गावात भारतीय शिक्षकांची आठ-दहा कुटुंबे होती. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर पत्ते, आणि पत्त्यांसोबत त्या देशाची निंदा. विद्यार्थी कसे, अधिकारी कसे, पाऊस कसा. निरुपद्रवी वाटते, परंतु त्यातून उठून दुसऱ्या दिवशी वर्गावर जाणे जड होई. शेजारच्या घरी कॉफीचे बोलावणे असे. समोर बसून कच्चे दाणे भाजायचे, धुराचा वास पाहुण्यांना द्यायचा, कुटायचे, आणि मग एकापाठोपाठ तीन वेळा कॉफी ओतायची. पहिल्या पेल्यानंतर उठणे अशिष्ट. दोन तास जात. मी त्या बोलावण्यांना जाऊ लागलो तेव्हा पत्त्यांच्या मंडळींना ते रुचले नाही. त्या शेजाऱ्यांनीच मला तिथली अम्हारिक भाषा शिकवली, कारण त्यांच्यापाशी दुसरा विषयच नसे. वस्तूंची नावे विचारायची, त्यांनी हसायचे, पुन्हा विचारायचे. बाई शिक्षकखोलीविषयी म्हणतात, मी म्हणेन शेजार. गोष्ट तीच आहे.

देवळाली_कॅम्प

सरांविषयी पूर्ण आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे, कारण ‘आपल्या लोकांपासून लांब राहा’ हा सल्ला दुरून फार शोभतो.

मी मस्कतला भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझे विद्यार्थी भारतीय, सहकारी भारतीय, त्यामुळे माझा अनुभव धागाकर्त्यांच्या उपयोगाचा नाही असे कुणी म्हणेल. पण पहिल्याच उन्हाळ्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया करावी लागली तेव्हा संमतिपत्रावर सही करायला, रात्री सोबत बसायला आणि डबा आणायला जी माणसे आली ती मराठी मंडळातलीच होती. ओमानी शेजारीण अतिशय प्रेमळ होती, तिने खजूर पाठवले. शुद्धीवर येताना माणसाला आपली भाषा लागते, तिथे खजुराचा उपयोग नसतो. निंदा करणारे लोक निंदा नाशिकमध्येही करतात, त्यासाठी भारतीयांच्या बैठकीला दोष देऊ नये.

धागाकर्त्यांना माझा आग्रह आहे की जवळच्या मोठ्या शहरातील एखाद्या तरी भारतीय कुटुंबाचा क्रमांक जाण्यापूर्वीच मिळवावा. कापडाच्या दुकानांत चौकशी केली तर सापडेल. थायलंडमध्ये त्या व्यवसायात पंजाबी आणि सिंधी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत.

निवृत्त_नाशिकरोड

शस्त्रक्रियेचा मुद्दा मान्य. आजारपणात आमच्याकडेही त्याच पत्तेवाल्या मंडळींनी मदत केली होती, हे लिहायला हवे होते. पत्ते रोजचे नसावेत, एवढेच माझे म्हणणे.

कॉलेजरोडची_मी

जपानमध्ये सरकारी शाळेत सहायक शिक्षिका होते, थोडक्यात भर घालते. तिथे दुपारचे जेवण वर्गातच मुलांसोबत असते आणि जेवणानंतर मुले स्वतः शाळा झाडून-पुसून काढतात, शिक्षकही फडके हाती घेतात. माझी बहुतेक खरी संभाषणे जिना पुसताना झाली. शाकाहाराच्या बाबतीत माशाचा अर्क सगळीकडेच असल्याने डबाच न्यावा लागला आणि त्यासाठी शाळेची लेखी परवानगी घ्यावी लागली. पहिला पगार येईपर्यंत पुरतील एवढे पैसे हाताशी ठेवा, हा सल्ला कुठल्याही देशाला लागू आहे. नव्या माणसाला घराची अनामत, अंथरूण आणि फोन यांचा खर्च एकदमच येतो.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. बऱ्याच शंका फिटल्या आणि काही नव्या उभ्या राहिल्या. (१) करारात दहा महिन्यांचा उल्लेख आहे, हे नेहमीचे आहे का? (२) तिथे गेल्यावर दुचाकी घ्यावी का? (३) पत्नी-मुलगी पुढील वर्षी आल्या तर मुलीच्या शाळेचे काय? (४) पहिल्या महिन्यात मन उचल खाईल तेव्हा काय करावे, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारतो.

गोदाकाठची

दहा महिन्यांचा करार नेहमीचाच आहे आणि हीच खरी मेख आहे. तिथली मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते. करार दहा महिन्यांचा असेल तर या काळात पगार नाही, म्हणजे तुम्ही ज्या कोरड्या उन्हाळ्याला कंटाळून निघाला आहात तो तिथेही भेटणार. अकरा किंवा बारा महिन्यांसाठी आग्रह धरा, तो मान्य झाला नाही तर महिन्याचा पगार दहाने गुणून बाराने भागा आणि मग ठरवा. आणखी एक: सुट्टीत नाशिकला यायचे झाल्यास निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढल्याशिवाय सीमा ओलांडू नका, नाहीतर राहण्याची परवानगी त्याच क्षणी संपते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, आणि तुम्ही राहायला आल्याची नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. ती केली का हे आपणच विचारावे. कामाच्या परवान्यासाठीच्या वैद्यकीय दाखल्यात क्षयरोग, कुष्ठरोग आणि हत्तीरोग नसल्याचे लिहून घेतात, घाबरू नका, गावातल्या दवाखान्यात ते काम लवकर उरकते.

दुचाकी घ्या, पण इथून निघतानाच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे हे पाहा. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. तोवर दोन बाकांची सोंगथेव गाडी आहे. ती हात केला की थांबते, उतरायचे असेल तेव्हा छतावरील घंटी दाबायची आणि पैसे उतरून चालकाला द्यायचे.

मुलीविषयी घाई करू नका. सरकारी थाई शाळेत सर्व विषय थाईतून असतात, इंग्रजी कार्यक्रमाचे वर्ग मोठ्या शहरांत असतात, आणि आंतरराष्ट्रीय शाळेची फी शिक्षकाच्या पगारात बसत नाही. अवलंबितांच्या व्हिसावर पत्नीला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरीही करता येत नाही. आधी दोघी ऑक्टोबरच्या सुट्टीत येऊन जाऊ देत.

मनाचे म्हणाल, तर संकोच कशाला? थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. घरची मंडळी रात्री साडेनऊला निवांत होतात तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात आणि उद्या पहाटे उठायचे असते. रोज रात्रीचा फोन ठेवलात तर झोप जाते आणि दिवसभर फोनचीच वाट पाहणे होते. मी सकाळी शाळेला निघताना बोलते, तेव्हा नाशिकला आई दूध तापवत असते. बोलणे पाच मिनिटांचे होते आणि कुणी रडत नाही.

जूनमध्ये एका गुरुवारी शिक्षकांना वंदन करण्याचा समारंभ असतो, त्याला वाय ख्रू म्हणतात. तोवर तुम्ही जेमतेम महिन्याचे असाल. शिक्षक मंचावर खुर्च्यांवर बसतात आणि प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थी गुडघ्यांवर सरकत फुलांची सजवलेली ताटे घेऊन येतात. ताटात इक्झोराची फुले, वांग्याची फुले, लाह्या आणि दूर्वा असतात. दूर्वा जशी पसरते तशी बुद्धी पसरावी, वांग्याचे फूल जसे खाली झुकलेले असते तसा विद्यार्थी नम्र असावा, असा अर्थ ते सांगतात. मुले पायांशी झुकतात तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखे होते, त्यांना उचलून उभे करू नका. ताट दोन्ही हातांनी घ्या आणि इंग्रजीत एखादे वाक्य बोला. त्यांनी ते ताट आदल्या दिवशी चार तास बसून केलेले असते, त्यामुळे त्याचे छायाचित्र काढलेले त्यांना फार आवडते.

सातपूरचा

पगाराच्या तफावतीवर माझे मत कायम आहे. पण दहाने गुणून बाराने भागण्याचा हिशेब बहिणीला पाठवला आहे.

इंदिरानगरकर

शाळेला कराराविषयी पत्र पाठवले होते, त्याचे उत्तर आज आले. अकरा महिने मान्य केले आहेत, एप्रिलचा पगार नाही. हिशेब करून पाहिला, परवडते आहे. त्या संपर्काच्या शिक्षिकांचेही पत्र सोबत होते. त्यांनी खोलीची छायाचित्रे पाठवली असून विजेचा दर विचारण्याआधीच कळवला आहे. आता सामानाची यादी सुरू आहे. तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला, तूरडाळ, चिवड्याची पाकिटे आणि एक विजेची शेगडी एवढे ठरले आहे.

गोदाकाठची

शेगडी तिथेच घ्या, प्लगच्या पिना वेगळ्या असतात. कुकर जरूर आणा, फक्त पहिल्या दिवशी शिट्टी देण्यापूर्वी घरमालकिणीला दाखवून ठेवा. माझ्या इमारतीतले लोक जिन्याने खाली धावले होते.